'उंदरांमुळे' हे उत्तर अर्धवट आहे



'प्लेग कशामुळे होतो?' असं वर्गात विचारलं, की एका सुरात उत्तर येतं, 'उंदरांमुळे!' आपण बरोबरची खूण करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. मीही अनेक वर्षं हेच केलं. मग एकदा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, म्हणजे घरातले सगळे उंदीर मारले की प्लेग संपला ना?" मी "हो" म्हणून मोकळा झालो. ते उत्तर चुकीचं होतं, आणि धोकादायकही.

प्लेग हा जिवाणूमुळे होणारा संसर्गजन्य रोग आहे. 1894 साली हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येरसँ यांनी तो जिवाणू शोधला. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा हा जिवाणू पसरवतात. उंदीर मेला, त्याचं अंग थंड पडलं, की पिसवा त्याला सोडतात आणि जवळ दुसरा उंदीर नसेल तर माणसाला चावतात. म्हणजे साथीच्या काळात आधी पिसवांचा बंदोबस्त न करता नुसते उंदीर मारत सुटलो, तर आपणच पिसवांना माणसांकडे पाठवतो! 'उंदीर पडायला लागले' की जुनी माणसं गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहायची. त्यांना पिसू माहीत नव्हती, पण अनुभवानं त्यांनी योग्य तेच केलं होतं.

पिसू चावल्यानं होतो तो गाठीचा प्लेग. जोराचा ताप येतो आणि जांघेत, काखेत किंवा मानेत दुखरी गाठ येते. हा प्रकार माणसाकडून माणसाला सहसा होत नाही. पण जिवाणू फुप्फुसात पोचला, तर रोग्याच्या खोकल्यातल्या थेंबांतून तो दुसऱ्याला होऊ शकतो. एकाच रोगाच्या या दोन वाटा मुलांना वेगवेगळ्या समजायला हव्यात, कारण वाट वेगळी की उपायही वेगळा.

हे न समजल्याची किंमत आपल्याच महाराष्ट्रानं मोजली आहे. 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. 1897 मध्ये पुण्यात सैनिक घराघरांत शिरले, सामान बाहेर काढलं, माणसांना छावण्यांत नेलं. पिसवेचा दुवा पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवला तो 1898 मध्ये, म्हणजे त्यानंतर! रोग कसा पसरतो हे नीट कळलेलं नसताना जबरदस्ती मात्र झाली. मग लोकांनी रोगी लपवले. आपण इतिहासाच्या तासाला रँडचा वध आणि चापेकर बंधू शिकवतो, रोग्यांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच गेलेल्या सावित्रीबाई शिकवतो. ते शिकवायलाच हवं. पण विज्ञानाच्या तासाला त्याच प्लेगची एका ओळीत बोळवण होते. हे दोन तास एकत्र यायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणी म्हणेल, 'आता कुठे आहे प्लेग?' 1994 आठवा. बीड जिल्ह्यात गाठीच्या प्लेगच्या बातम्या आल्या, पाठोपाठ सुरत हादरली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. खरं तर तोपर्यंत प्लेगवर प्रतिजैविकं उपलब्ध होती. वेळेत उपचार मिळाले तर रोगी बरा होतो. पण भीती औषधापेक्षा वेगानं पसरली. कोरोनातही आपण तेच पाहिलं, आजारी शेजाऱ्याचं दार लोकांनी वाळीत टाकलं.

म्हणून एक साधा उपक्रम सुचवतो. फळ्यावर चार शब्द लिहा: जिवाणू, उंदीर, पिसू, माणूस. मुलांना बाणांनी साखळी जोडायला सांगा आणि विचारा, 'ही साखळी कुठे कुठे तोडता येईल?' धान्य झाकून ठेवणं, कचरा साठू न देणं, मेलेल्या उंदराला हात न लावता मोठ्यांना सांगणं, ताप आल्यावर न लपवता दवाखान्यात जाणं, ही उत्तरं मुलंच देतील. पालकांनी घरी हाच प्रश्न डेंग्यूबद्दल विचारून पाहावा.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर सांगितलं, "काल माझं चुकलं." साखळी त्या दिवशी तिनंच फळ्यावर काढली.