चूक की वेगळी रीत?



कबनूर-इचलकरंजीच्या घरात कोकणातली सून आली की असरच्या नमाजवरून कुजबुज सुरू होते. रत्नागिरी, चिपळूण, खेडकडचे बहुतेक मुसलमान शाफई, आपल्याकडचे बहुतेक हनफी. दुपारची मूळ सावली सोडून वस्तूची सावली वस्तूएवढी झाली की शाफई मसलकात असर सुरू होते. इमाम अबू हनीफांच्या प्रसिद्ध मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. दोन्हींत साधारण तासाभराचे अंतर पडते. सून मुसल्ला अंथरते आणि आतून आवाज येतो, "दुल्हन, असर का वखत अब्बी कां हुया?" इथवर ठीक. विचारायला हरकत काय? पण पाठोपाठ शेजारणीसमोर "माँ-बापने नमाज बी नै सिकाए क्या?" असे निघाले की विषय नमाजचा राहत नाही, तिच्या माहेरचा होतो.

आणि तिची तर चूकच नव्हती. नमाजच्या अनेक वेळापत्रकांत शाफई असर आणि हनफी असर असे दोन रकाने शेजारी शेजारी छापलेले असतात. आम्ही शिक्षक मंडळी वह्या तपासताना एक गोष्ट पाळतो. मुलाने गणित दुसऱ्या रीतीने सोडवले आणि ती रीत बरोबर असली, तर गुण कापत नाही. घरात मात्र आपण उलट वागतो. वेगळे दिसले की लाल पेन बाहेर!

ज्यांच्या नावाने आपण भांडतो ते इमाम कसे होते? इमाम अबू हनीफांचा इंतकाल हिजरी 150 मध्ये झाला आणि त्याच वर्षी इमाम शाफईंचा जन्म. पुढे इमाम शाफई बगदादला इमाम मुहम्मद यांच्याकडे शिकले, म्हणजे खुद्द अबू हनीफांच्या शागिर्दाकडे. अनेक मसल्यांत त्यांनी उस्तादांहून वेगळे मत दिले, पण त्यांच्या इल्मची तारीफ कधी सोडली नाही. त्यांचे शागिर्द युनुस सदफी सांगतात की एकदा दोघांत एका मसल्यावर वाद झाला. पुढच्या भेटीत इमामसाहेबांनीच त्यांचा हात हातात घेतला आणि विचारले की एका मसल्यावर पटले नाही म्हणून आपण भाऊ राहायचे नाही का?

बरे, चूक खरीच असेल तर? सहीह मुस्लिममध्ये मुआविया बिन हकम सुलमी (रजि.) यांची हकीकत आहे. (हे ते प्रसिद्ध अमीर मुआविया नव्हेत.) नवे मुसलमान, जमातीत उभे. कोणी शिंकले तर हे नमाजमध्येच मोठ्याने दुआ देऊन बसले. लोक डोळे वटारून बघू लागले, तर हे आणखी बोलले, की माझ्याकडे असे काय बघता? लोकांनी मांड्यांवर हात मारून त्यांना गप्प केले. नमाज संपल्यावर प्रेषित (स.) यांनी मात्र त्यांना ना दटावले, ना मारले, ना वाईट शब्द वापरला. नमाजमध्ये माणसांचे बोलणे चालत नाही, तिथे तस्बीह, तकबीर आणि कुरआन पठण असते, एवढेच समजावले. असा शिक्षक मी आधी पाहिला नाही, नंतरही पाहिला नाही, असे मुआविया (रजि.) पुढे सांगत.

इथे वेळेकडे लक्ष द्या. नमाज पूर्ण होऊ दिली, मग बोलले. आपल्या मशिदीत रांगेत गडबड करणाऱ्या पोराला सलाम फिरताच सगळ्यांदेखत दटावणारे बुजुर्ग असतात. ते पोर पुढच्या जुम्याला बाहेर चपलांपाशी थांबते. मसला त्याला कळलेलाच नसतो, चारचौघांत पडलेली बोलणी तेवढी लक्षात राहतात.

आमच्या भागाची एक अडचण वेगळीच. यंत्रमागाच्या खडखडाटात दिवसभर ओरडूनच बोलावे लागते, आणि तोच आवाज घरी येतो. पाहुण्याला वाटते भांडण चालले आहे. बोलणाऱ्याच्या मनात राग नसतोही, पण नव्या सुनेला किंवा सहा वर्षांच्या नातीला ते कसे कळावे? हजरत लुकमान यांनी मुलाला केलेल्या नसीहतीत आवाज खाली ठेवण्याची गोष्ट आहे, तीही कुरआनात. आणि राग खरोखरच आला असेल, तर हदीसमधला उपाय सोपा आहे. उभे असाल तर बसा, तरीही शांत झाला नाहीत तर आडवे व्हा. तोवर सुनेची असर पूर्ण होईल, आणि तिच्या गावी नमाज कशी पढतात हे तिलाच निवांत विचारता येईल.