मुदतीचा कायदा

सरकारी कारभारात मुरलेल्या आमच्या कित्येक स्नेह्यांचे एक लाडके मत आहे: ज्याला मुदत आहे तो कायदाच नव्हे, तो संपणार असा सुगावा लागला की लोक त्याला जुमानीत नाहीत. हे मत आम्हांस साफ चुकीचे वाटते, आणि त्याचा पुरावा आम्ही स्कॉटलंडच्या संसदेतून देणार आहोत.

ही संसद सार्वभौम नाही. १९९८ च्या कायद्याने लंडनने दिलेल्या अधिकारांवर ती १९९९ पासून चालते. सभासद १२९, सभागृह एकच. वरिष्ठ सभागृह नसल्यामुळे विधेयकाची झडती घेण्याचे काम समित्यांवर सोपविलेले आहे. कागदावर हे उत्तमच! परंतु २०१४ साली प्रत्येक मुलामागे एक नियुक्त व्यक्ती नेमण्याची तरतूद असलेला कायदा विरोधात एकही मत न पडता संमत झाला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील माहितीच्या देवघेवीची कलमे कौटुंबिक जीवनाच्या हक्काशी विसंगत ठरविली, आणि २०१९ मध्ये सरकारने ती योजनाच सोडून दिली. एकदाच घेतलेली झडती पुरी पडत नाही, ती अशी.

मद्याच्या किमान किमतीचा कायदा मात्र निराळ्या वळणाचा. २०१० मध्ये अल्पमतातील सरकारचा हा प्रस्ताव सभागृहाने विधेयकातून वगळला. २०१२ मध्ये तो संमत झाला तेव्हा त्यात एक कलम घातले गेले: अंमलानंतर पाच वर्षांनी परिणामांचा अहवाल मांडावा, आणि संसदेने पुन्हा होकार न दिल्यास सहाव्या वर्षाअखेर किमतीची तरतूद संपावी. न्यायालयीन झगडा २०१७ पर्यंत चालला. १ मे २०१८ पासून दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलमागे ५० पेन्सांहून कमी दर घेणे बेकायदा ठरले. दुकानदारांनी तो नियम बहुतांशी पाळला, हे स्नेह्यांनी ध्यानात घ्यावे.

२०२३ च्या मूल्यमापनाने सांगितले की, मद्यामुळे होणारे मृत्यू एरवी झाले असते त्याहून १३.४ टक्क्यांनी कमी झाले. त्याच वर्षी २०२२ ची गणना प्रसिद्ध झाली: मृत्यू १,२७६, म्हणजे २००८ नंतरचे सर्वाधिक. विरोधकांनी विचारले, हेच का यश? समर्थक म्हणाले, कायदा नसता तर याहून अधिक मेले असते. २०२४ च्या एप्रिलमध्ये मतदान झाले, कायदा राहिला, आणि ३० सप्टेंबरपासून दर ६५ पेन्स झाला. कोणाची बाजू खरी, हा आमचा प्रश्न नव्हे. त्या कलमामुळे सरकारला सभागृहात उभे राहून हिशेब द्यावा लागला, हे आमचे म्हणणे.

आता घराकडे पाहू. १९४९ चा मुंबई मद्यनिषेध कायदा १९६० मध्ये महाराष्ट्राच्या व गुजरातच्या वाट्याला आला. तिकडे दारूबंदी आहे. इकडे दुकाने उघडी आहेत, तरी पिण्याच्या परवान्याची अट कायद्यात उभीच आहे. बडोद्याला बदली झालेल्या आमच्या वाचकाने यातली मौज दोन्ही बाजूंनी पाहिली असेल. दुरुस्त्या पुष्कळ झाल्या; पण हा कायदा हवा की नको, हे ठराविक वर्षांनी विचारण्याची सक्ती त्यात कोठेही नाही.

मसुदे आपल्याच टेबलांवरून जातात. पाच वर्षांनी अहवाल द्यायचा आहे हे ठाऊक असलेले खाते पहिल्या दिवसापासून आकडे ठेवू लागते. ते कलम फार तर चार ओळींचे होईल, आणि टिपणीत ते सुचविण्यास कोणाचीही आडकाठी असल्याचे आमच्या ऐकिवात नाही.