शब्द दिला न्यूयॉर्कला, हिशेब हवा गोरेगावात

३० मार्च २००७ रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाचा दिव्यांग हक्कविषयक करार स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि त्याच दिवशी भारताने त्यावर स्वाक्षरी केली. १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला विधिवत मान्यताही दिली. ही स्वाक्षरी कोणी आपला हात धरून करवून घेतलेली नव्हती. एका सार्वभौम राष्ट्राने समजून-उमजून जगाला दिलेला तो शब्द होता. सरकारे येतात आणि जातात. राष्ट्राचा शब्द मात्र राहतो. म्हणूनच तो शब्द हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावापर्यंत पोहोचला की नाही, हा प्रश्न केवळ समाजकल्याण खात्याचा नसून राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा आहे.

गोरेगाव कोठे आणि न्यूयॉर्क कोठे, असे कोणी म्हणेल. कराराच्या चौथ्या कलमातच त्याचे उत्तर आहे. संघराज्याच्या सर्व भागांना हा करार विनाअपवाद लागू आहे, असे ते कलम बजावते. पंचविसावे कलम तर ग्रामीण भागाचा उल्लेख करून आरोग्यसेवा माणसाच्या वस्तीच्या शक्य तितक्या जवळ न्यावी, असे सांगते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते आणि त्यांपैकी सुमारे ६९ टक्के खेड्यांत राहत होते. तेव्हा या कराराची खरी कसोटी महानगरांतील विमानतळांवर नव्हे, तर सेनगाव तालुक्यातील गावांतच लागणार.

‘मानवी हक्क’ हा शब्द कानावर पडताच हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असे म्हणून मान फिरवणारे आपल्यातही थोडे नाहीत. त्यांनी दूर जाऊ नये; आपल्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथला जावे. कीर्तनास उभ्या राहिलेल्या नामदेवांना देवळाच्या मागे जाण्यास सांगितले गेले आणि देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले, ही कथा येथील लहान मूलही जाणते. या कथेत भक्ताने जागा बदलली नाही, देवळाने बदलली. दिव्यांगांच्या हक्कांचे सारे तत्त्वज्ञान याहून निराळे काय सांगते? दोष माणसाच्या पायांत नसून त्याला अडवणाऱ्या पायऱ्यांत आहे. तेव्हा फिरायचे ते वास्तूने. जे आपल्या मातीने शतकांपूर्वी ओळखले, ते परके कसे?

दुसरा वर्ग याच्या अगदी उलट टोकाचा. त्याचे डोळे सदैव जिनिव्हाकडे लागलेले असतात. पण या करारासोबतचा ऐच्छिक पूरक करार भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे येथील नागरिकाला आपली वैयक्तिक तक्रार राष्ट्रसंघाच्या समितीपुढे नेता येत नाही. आमच्या घरातील न्याय आम्ही करू, हीच यामागची भूमिका असेल, तर ती स्वाभिमानाची आहे. मात्र स्वाभिमानाला किंमत मोजावी लागते. बाहेरचा न्यायाधीश नको म्हणणाऱ्याने घरचा न्याय दुप्पट चोख ठेवला पाहिजे.

तो आपण ठेवला काय? शासनाचा पहिला अहवाल २०१० मध्ये जायला हवा होता. तो गेला २०१५ मध्ये. कराराशी सुसंगत असा नवा कायदा व्हायला २०१६ साल उजाडले. कायदा चांगला झाला, हे मान्य केलेच पाहिजे. दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, शासकीय नोकऱ्यांतील आरक्षण ३ वरून ४ टक्क्यांवर गेले. जुन्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करण्याचे बंधन आले. नियम जून २०१७ मध्ये निघाले. म्हणजे ही मुदत २०२२ मध्येच संपली. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला काय सांगावे लागले? कायदा ज्याला बंधन म्हणतो, त्याला नियम १५ ने केवळ शिफारशींच्या पातळीवर आणून ठेवले आहे! न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष तीन महिन्यांत ठरवा, असा आदेश केंद्राला दिला. संसदेने ‘केलेच पाहिजे’ म्हणावे आणि कारकुनी लेखणीने त्याचे ‘जमल्यास करावे’ करून टाकावे, हा संसदेचाच अवमान नव्हे काय?

या लेखणीमागे एक वृत्ती आहे, उपकाराची. वर्षातून एकदा, ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिन साजरा करायचा, तीनचाकी सायकल देताना छायाचित्र काढून घ्यायचे आणि ती सायकल ज्या कार्यालयाच्या दारात अडते, तेथील पायऱ्या तशाच ठेवायच्या! ‘अपंग’ म्हणणे सोडून आपण ‘दिव्यांग’ म्हणू लागलो, ते योग्यच झाले. पण शब्दाने मान द्यायचा आणि पायरीने तो काढून घ्यायचा, याला सन्मान म्हणत नाहीत. दया करणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्काला तारीख असते, रक्कम असते आणि उत्तरदायी माणूस असतो.

म्हणून हा हिशेब गावातच मागितला पाहिजे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा आपल्या राज्याचा नियम आहे. गोरेगावकरांनी, आणि ज्या ज्या गावी हा अंक वाचला जातो तेथील वाचकांनी, येत्या ग्रामसभेत उभे राहून चार प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षीचे ते ५ टक्के किती रुपये झाले आणि कोणावर खर्च झाले? पंचायत कार्यालय, शाळा, दवाखाना आणि मतदान केंद्र यांपैकी कोठे कोठे व्हीलचेअर आत जाते? प्रमाणपत्राच्या तपासणीचे शिबिर गावाजवळ शेवटचे कधी भरले? आणि गावातील दिव्यांगांना हे सारे ठरवताना कोणी विचारले होते काय? उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. उत्तर मिळाले नाही, तर तेही नोंदवावे.

जिनिव्हाचे दार आपण आपल्या हाताने बंद ठेवले आहे. निदान ग्रामपंचायतीचे दार तरी उघडे असू द्या, आणि त्या दारापर्यंत जाणारा रॅम्पही.