उतारावर न्यूट्रल नको!



दुधिवरे खिंड असो, कामशेतची खिंड असो की बोरघाट. उतार लागला की मोटारसायकल न्यूट्रल करायची, कुणी तर चावीच फिरवायची आणि ‘तेवढंच पेट्रोल वाचलं’ म्हणायचं, ही सवय आपल्याकडे सर्रास दिसते. पवन, नाणे आणि आंदर मावळातून दूध, भाजी, फुलं घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाने या बचतीचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

४० लिटरच्या कॅनमध्ये सुमारे ४१ किलो दूध मावते. दोन कॅन म्हणजे ८२ किलो, कॅनचे वजन वेगळेच. एवढा भार खिंडीतून उतरताना न्यूट्रलमध्ये फक्त ब्रेक उरतात. ते सारखे दाबून धरले की ड्रम आणि लायनर तापतात, पकड ढिली पडते आणि ऐन वळणावर ब्रेक लागेनासा होतो. त्यातून लोणावळ्याचा पाऊस, धुके आणि रस्त्यावरची लाल माती. इंजिन बंद केले तर पुष्कळ जुन्या गाड्यांचा दिवाही त्याबरोबर जातो.

बैलगाडीचं उदाहरण घ्या. उतारावर भरल्या गाडीला बैलच रोखून धरतात. जू सोडून गाडी खिंडीतून कोणी लोटून देईल का? गाडी न्यूट्रल करणे म्हणजे नेमके तेच. गिअर पडलेला असला की थ्रॉटल सोडल्यावर इंजिनच चाकाला धरून ठेवते. साधा नियम असा: जो चढ ज्या गिअरमध्ये चढलात, तो त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर उतार सुरू होण्याआधीच पाडा. ब्रेक दोन्ही वापरा, सोडून सोडून दाबा.

आता पेट्रोलचे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि बहुतेकांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल पूर्ण सोडला तर उतारावर ती पेट्रोल जवळजवळ तोडूनच टाकते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत वाचले तर थोडके थेंब. जुनी टू-स्ट्रोक असेल तर तिचे ऑइल पेट्रोलबरोबरच इंजिनात जाते. म्हणून लांब उतारावर मधूनमधून थोडा थ्रॉटल द्यावा.

चढालाही हेच भान हवे. चौथ्या गिअरमध्ये इंजिन धडधडू लागेपर्यंत थांबू नका. चिखलणीला पॉवर टिलर आपण वरच्या गिअरमध्ये घालतो का? शेजाऱ्याची गाडी घेतलीत तर आधी गिअरची रीत विचारा. काही गाड्यांत सगळे गिअर पुढे दाबून पडतात, काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात. भर उतारावर ही गफलत महाग पडते.

सायकलवाल्यांसाठी: पुढे ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ असतील, तर २८ इंची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर जाते. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले तर सुमारे साडेचार मीटर जाते, पण ओझे घेऊन चढणे बरेच हलके होते. शाळेच्या पोरांकडे गिअरची सायकल असेल तर चढ लागण्याआधी, पाय हलका ठेवून गिअर बदलायला शिकवा. जोर लावताना बदलला की साखळी उतरते.

आपल्या बोरघाटातून १८६३ साली रेल्वे सुरू झाली. चढ ३७ फुटांना १ फूट. आजही अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावतात आणि उतरताना वेगाला कडक मर्यादा असते. एवढे लोखंडी धूड घाटाला मान देते, मग आपण दोन चाकांवर कसली घाई करायची? द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे जुन्या रस्त्यानेच आपल्याला ये-जा करायची आहे.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि दूध संस्थांच्या सचिवांना विनंती: येत्या ग्रामसभेत हा विषय पाच मिनिटे घ्यावा. खिंडीच्या माथ्यावर फलक लावण्याबाबत बांधकाम विभागाकडे ठराव पाठवावा. तोवर संकलन केंद्राच्या भिंतीवर चुन्याने एवढेच लिहावे: ‘उतार गिअरमध्येच उतरा.’ सकाळचं दूध घालायला येणारा प्रत्येक जण ते वाचेल.