बदलण्याआधी अदलाबदल

मागच्या लेखात बॅटरीची निगा पाहिली. या वेळी पावसाळ्यातली हमखास तक्रार : गाडी ‘मिसिंग’ मारते. उभ्या गाडीत इंजिन थरथरतं, चढावर पिकअप मिळत नाही आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा येतो. दिवा नुसता लागलेला असेल तर एकदोन दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर वेग कमी करा आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि तो भाग फार महाग असतो.

माझी भाची नोकरीसाठी दर सोमवारी बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीला जाते. गाडी तिच्या बाबांची, १२ वर्षांची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. “मामा, घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना मध्येच दम सोडला हिनं. बाबांची आहे म्हणून ठेवली होती, पण आता विकतेच,” ती म्हणाली. एका गॅरेजमध्ये चारही प्लग आणि एक कॉइल बदलून झाली होती. पैसे गेले, आजार तसाच.

मिसिंगची मुळं मोजकीच असतात : ठिणगी, पेट्रोल, कॉम्प्रेशन, नाहीतर वायरिंग. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड आला पी ०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दुखणं तिसऱ्यात.

आता नवा भाग न आणता जुन्यांचीच अदलाबदल. इंजिन बंद आणि थंड असताना तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावली, पहिल्याची तिसऱ्यावर, आणि कोड पुसून गाडी फिरवली. कॉइल खराब असती तर पी ०३०१ आला असता. परत ०३०३ च आला. प्लगची अदलाबदल केली, तरी तेच. इंजेक्टरला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून कान लावला, टकटक बाकीच्यांसारखीच. गॅरेजमध्ये मोजलेलं कॉम्प्रेशनही चारही सिलिंडरांचं सारखं. उरलं वायरिंग.

ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने इंजिन चालू ठेवून वायरचा जुडगा लाकडी काठीने हळूच हलवला. एका जागी इंजिन लगेच अडखळलं. तिथे वायर लोखंडी ब्रॅकेटवर घासून सोलली होती, आतलं तांबं हिरवं पडलं होतं. इंजिन सतत हलतं, ब्रॅकेट जागचा हलत नाही. उष्णतेने वायरचं आवरण कडक होतं, आणि मग पावसाचं पाणी उरलेलं काम करतं. काही गाड्यांत हेच काम उंदीर करतात. (फिरता पट्टा, पंखा आणि कॉइल यांच्याजवळ चालू इंजिनात हात घालू नका.)

गंमत म्हणजे मल्टिमीटरने ही वायर ‘ठीक’ दाखवली होती. तांब्याची एक तार शाबूत असली तरी मीटर बीप करतो, पण कॉइलला लागणारा करंट तेवढ्या तारेतून जात नाही. म्हणून इलेक्ट्रिशियनने कॉइलचा कनेक्टर काढून १२ व्होल्टच्या सप्लायवर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावला. शेजारच्या कनेक्टरवर लख्ख, इथे मिणमिणता. ही चाचणी त्याच्यावरच सोपवा. कॉम्प्युटरच्या सिग्नल वायरला बल्ब लावला तर नवंच दुखणं.

दुरुस्ती साधी. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापली, त्याच जाडीचा तुकडा सोल्डर केला, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवली आणि जुडगा ब्रॅकेटपासून दूर बांधला. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड पुढच्या पावसात पुन्हा दगा देतो. सगळा खर्च एका नव्या कॉइलपेक्षा कमी.

तुमच्यापैकी अनेकांची पहिली गाडी घरातली जुनीच असेल. गॅरेजवाला “हे बदलावं लागेल” म्हणाला, तर दोन प्रश्न विचारा : कोड कोणता आला? आणि भागाची अदलाबदल केल्यावर तो हलला का? उत्तर मिळेपर्यंत पाकीट खिशातच राहू द्या. भाचीने गाडी विकली नाही. सोमवारी तिनेच घाटात चालवली.

पुढच्या लेखात : टायरवरचे आकडे कसे वाचायचे.