सदरच्या शाळेचे जुने दप्तर : इतवारीकरांचे निवेदन

प्रति,
मा. संचालक,
पुराभिलेख संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई
(नागपूर येथील पुराभिलेख कार्यालयामार्फत)

विषय : नागपुरातील सेंट फ्रान्सिस डी सेल्स हायस्कूल व त्याच काळातील इतर शाळा यांच्या दाखल-खारीज नोंदवह्यांचे जतन होण्याबाबत आणि त्यांतील नकला रहिवाशांना मिळण्याची तजवीज होण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे इतवारी, टिमकी, हंसापुरी, गांजाखेत व जागनाथ बुधवारी या नागपूरच्या जुन्या वस्त्यांचे रहिवासी असून, आमच्यांत सराफ्यातले दुकानदार आहेत, विणकरांच्या घरांतली मुले-नातवंडे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, आणि लहानपणी भल्या सकाळी सायकल काढून, मेयो रुग्णालयावरून जाऊन, रेल्वेचे रूळ ओलांडून ज्यांनी सदरची शाळा गाठली असे त्या शाळेचे माजी विद्यार्थीही आहेत. आजवर आम्ही शासनदरबारी जी निवेदने दिली ती पाण्याच्या नळाची, गटाराची, बाजारातील गर्दीची होती. जुन्या कागदांसाठी अर्ज घेऊन येण्याची आमची ही पहिलीच वेळ आहे, आणि हा विषय नळाच्या पाण्याइतकाच आमच्या घरांत शिरलेला आहे, हे आपणांस पटवून देता आले तर या अर्जाचे निम्मे काम झाले असे आम्ही समजू.

सदर विभागातील सेंट फ्रान्सिस डी सेल्स हायस्कूल, ज्यास सारे नागपूर ‘एसएफएस’ या तीन अक्षरांनीच ओळखते, ते १८७० साली सुरू झाले. सव्हॉय प्रांतातील आन्सी या गावी १८३८ साली पीटर मेर्मिये या धर्मगुरूंनी स्थापिलेल्या संघाचे मिशनरी १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले, तेथून मजल-दरमजल करीत ते कामठीची छावणी आणि नागपूर येथवर आले, आणि मुंबईची रेल्वे नागपुरास पोहोचल्याला जेमतेम तीन वर्षे झाली असता त्यांच्या संघाची ही शाळा या शहरात उभी राहिली. नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत निर्माण झाला तो पुढे १८८७ साली, आणि त्याचे पहिले बिशप अलेक्सी रिकाझ हेही याच संघाचे. म्हणजे धर्मप्रांताहून ही शाळा सतरा वर्षांनी वडील आहे. आमच्या वाडवडिलांपैकी बहुतेकांचा त्या धर्माशी काहीएक संबंध नव्हता. पोराला चार अक्षरे इंग्रजी यावीत, रेल्वेत किंवा कचेरीत चिकटता यावे, एवढ्याच व्यवहारी हेतूने इतवारीच्या बापाने त्याला तेथे घातले, आणि शाळेने त्याला घेतले, ही गोष्ट आम्ही आजही कृतज्ञतेने स्मरतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ज्या वर्षी ही शाळा निघाली त्या वर्षी नागपूर हे १८६१ साली बनलेल्या मध्यप्रांताचे राजधानीचे शहर होते. १९०३ साली त्या प्रांतास वऱ्हाड जोडले गेले. १९५० साली प्रांताचे नाव मध्यप्रदेश झाले. १९५६ च्या नोव्हेंबरात आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. शिक्षणखात्याचे वरिष्ठ बदलले, कचेऱ्या बदलल्या, सरकारी शिक्क्यावरची अक्षरे बदलली, राजधानीचा मान गेला. परंतु या सगळ्या उलथापालथीत जुन्या शाळांच्या कपाटांतली दाखल-खारीज नोंदवही मात्र होती तेथेच राहिली, आणि एका मुख्याध्यापकाने ती दुसऱ्याच्या स्वाधीन केली. राज्ये बदलली तेव्हा जे दप्तर कोणी गाड्यांत भरून नेले नाही, ज्याची वाटणी झाली नाही, असे या शहरातील सलग दप्तर कोणते, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर आमच्या मते जुन्या शाळांच्या नोंदवह्या हेच आहे, आणि त्यांत ज्या शाळेचे आयुष्य १८७० पासून मोजता येते तिचा क्रम आपोआप वर लागतो.

आणि या नोंदवहीत असते तरी काय? मुलाचे नाव, बापाचे नाव, धर्म व जात, जन्मगाव, जन्मतारीख, बापाचा धंदा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण. एका आडव्या ओळीत एक मनुष्य मावतो. शासनाच्या आजच्या नियमाप्रमाणे जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीच्या अर्जदारास १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातीच्या अर्जदारास ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्यांस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा दाखवावा लागतो, आणि ज्या घरात ना शेतीचा सातबारा ना घराचे खरेदीखत, अशा विणकर, हमाल, कारागीर यांच्या घरी असा पुरावा बहुधा एकच निघतो : आजोबांचा शाळेचा दाखला. स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांस अधिक प्रमाणमूल्य असते असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जमातीच्या दाव्याच्याच एका प्रकरणात म्हटले आहे. आमच्या विणकर वस्तीचा जातदावा त्याआधीच त्या न्यायालयापर्यंत जाऊन २००० साली त्यावर निकालही झाला. त्याच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे, परंतु एकेका कागदावर किती घरांचे भवितव्य टांगलेले असते हे टिमकीतल्या लहान पोरालाही तेव्हापासून ठाऊक आहे.

या निवेदनाचा मसुदा ज्याने केला त्यास आलेला एक अनुभव येथे नमूद करणे अवश्य वाटते. ज्या शाळेत तो घडला तिचे नाव घेत नाही, कारण दोष कोणाचाच नव्हता. ती वर उल्लेखिलेली शाळा नव्हे, एवढेच सांगतो. नातवाच्या प्रवेशासाठी आजोबांच्या नोंदीची नक्कल हवी होती. लिपिकांनी लोखंडी कपाटातून एक जाड बाड काढले; सुती कापडात ते बांधलेले होते, जसे पेशवे दप्तराचे रुमाल बांधीत तसे. गाठ सोडल्याबरोबर टेबलावर तपकिरी भुसा पडला. नोंद सापडली. शाईने कागद असा खाल्ला होता की काही अक्षरांच्या जागी अक्षराच्याच आकाराची भोके होती, आणि पान उलटताना त्याचा एक कोपरा मोडून त्या गृहस्थांच्या बोटांत राहिला. त्या तुकड्यावर दुसऱ्याच कोणा मुलाचे अर्धे नाव होते. त्यांनी तो तुकडा एका पाकिटात घातला, पाकिटावर पानाचा क्रमांक लिहिला, आणि पाकीट त्याच पानात ठेवून दिले. आम्हांस आमची नक्कल मिळाली. ज्याचे अर्धे नाव पाकिटात गेले त्याचे नातवंड उद्या त्याच खिडकीशी उभे राहील तेव्हा त्यास काय मिळेल, हा विचार त्या दिवसापासून मनातून जात नाही.

जुन्या लोहयुक्त शाईतील आम्ल कागदास आतून जाळते, हे आपल्या खात्यास आम्ही सांगावे असे नाही. त्यात नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जाऊन कागद पापडासारखा कडक करतो, आणि लगेच जूनमध्ये तोच कागद ओल धरतो. मग कसर आणि वाळवी यांस आमंत्रण लागत नाही. शाळेने काय करावे? तिचे काम मुलांस शिकविणे हे आहे. जपानी पातळ कागदाने पान सांधणे, आम्लरहित पेट्या बनविणे, बांधणीवर दाब न देता वरून छायाचित्र घेणे ही तज्ज्ञांची कामे असून ते तज्ज्ञ शासनाकडे, म्हणजे आपणांकडे, आहेत.

सबब आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी की, आपल्या खात्याने शाळेच्या व्यवस्थापनाची संमती घेऊन या नोंदवह्यांची पाहणी करावी, आणि त्यांचे छायाप्रतीकरण शाळेच्या आवारातच करावे. मूळ वही शाळेबाहेर जाऊ नये, याबद्दल आमचा आग्रह आहे. ही शाळा अल्पसंख्य समाजाची असून आपल्या संस्था चालविण्याचा त्या समाजाचा हक्क संविधानाच्या तिसाव्या अनुच्छेदाने मान्य केलेला आहे. तेव्हा जतनाच्या निमित्ताने दप्तर ताब्यात घेण्याचा हुकूम कोणी सुचविल्यास तो आम्हांस मुळीच मान्य होणार नाही. छायाप्रतीचा एक संच शाळेकडे व एक आपल्या नागपूर कार्यालयात राहावा. खर्च शासनाने सोसावा. तो मुलांच्या फीवर पडू नये.

दुसरी मागणी नामसूचीची. सव्हॉयहून आलेल्या धर्मगुरूंच्या कानांनी ऐकलेले आणि इंग्रजी लिपीत उतरलेले मराठी नाव कोणत्या रूपाने वहीत बसले असेल याचा भरवसा नसतो. एकाच आडनावाचे स्पेलिंग तीन भावांचे तीन प्रकारे लिहिलेले आढळते, आणि पुढे पडताळणी समितीसमोर तीन भाऊ तीन घराण्यांचे ठरू लागतात. म्हणून इंग्रजी रूप व त्याचे संभाव्य मराठी रूप शेजारी-शेजारी देणारी सूची व्हावी, आणि ती करताना नागपुरी आडनावांची माहिती असलेल्या स्थानिक निवृत्त शिक्षकांची मदत घ्यावी. आमच्यांतील काही जण हे काम विनावेतन करण्यास तयार आहेत.

तिसरी गोष्ट मागणीपेक्षा सावधगिरीची आहे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा शाळांची जुनी दप्तरे, मोडीतली व उर्दूतलीसुद्धा, घाईघाईने उघडावी लागली, आणि सापडलेल्या नोंदी संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या. शोधणाऱ्याच्या दृष्टीने ती सोय झाली हे खरे. पण कोणाची जात, कोणाचा जन्म, कोणी शाळा का सोडली, हे साऱ्या जगाने वाचण्याची गरज नाही. आमच्या वस्तीत आजही अशी घरे आहेत, जी आजोबांच्या ओळीतील धंद्याचा रकाना शेजाऱ्याच्या दृष्टीस पडू नये म्हणून जपतात. नक्कल त्या कुटुंबाच्या वारसासच मिळावी, संशोधकास शंभर वर्षांपूर्वीचेच भाग पाहू द्यावेत, असा नियम आधी करावा आणि मग यंत्र लावावे.

छायाप्रतीवरून शाळेने प्रमाणित करून दिलेली नक्कल मूळ वहीवरील नकलेइतकीच ग्राह्य धरण्याविषयी आपण सामाजिक न्याय विभागास लिहावे, हीही विनंती आहे; अन्यथा पडताळणीच्या प्रत्येक प्रकरणी मूळ बाड पुन्हा उघडले जाईल आणि केलेले जतन व्यर्थ जाईल.

ज्यांचे नाव या शाळेने घेतले ते संत फ्रान्सिस हे चाब्लेच्या डोंगरी मुलुखात, दारे बंद करून बसलेल्या लोकांसाठी, हाताने लिहिलेले सुटे कागद दाराच्या फटीतून आत सरकवीत असत. म्हणूनच १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांस लेखकांचे व पत्रकारांचे आश्रयदाते संत ठरविले. त्यांच्या नावाच्या शाळेतील हस्तलिखित कागद जपण्यास प्रारंभ व्हावा, याहून योग्य स्थळ आम्हांस सुचले नाही. शहरातील बाकीच्या जुन्या शाळा, त्या कोणत्याही धर्माच्या व माध्यमाच्या असोत, त्यांनंतर क्रमाने घ्याव्यात.

कामाच्या वेळेबद्दल एक सूचना. मे महिन्यात शाळेस सुटी असते, वर्ग मोकळे असतात, आणि कागद कोरडा असतो; मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर बाडे उघडू नयेत. तेव्हा येत्या उन्हाळ्यात हे काम धरायचे तर शाळेच्या व्यवस्थापनाशी पत्रव्यवहार आतापासूनच व्हावयास हवा. यासंबंधी आपल्या नागपूर कार्यालयात आमच्या चार प्रतिनिधींस भेटीची वेळ द्यावी, आणि ती लेखी कळवावी.

कळावे,

आपले नम्र,
इतवारी व परिसरातील रहिवासी, पालक व माजी विद्यार्थी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, नागपूर
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, नागपूर
मा. मुख्याध्यापक, सेंट फ्रान्सिस डी सेल्स हायस्कूल, सदर, नागपूर