टाळ्या झाल्या, पुढे काय?

मैत्रिणींनो, गेल्या आठ मार्चला तालुक्याच्या गावी एका संस्थेच्या कार्यक्रमाला गेले होते. पाहुण्यांनी पाऊण तास सभागृह गाजवले. जिजाऊ झाल्या, सावित्री झाल्या, 'स्त्री म्हणजे शक्ती' झाले. बायकांचे डोळे पाणावले. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. शेजारच्या अंगणवाडीताईने हळूच विचारले, "ताई, बोलले छान. पण करणार काय म्हणाले?" मला सांगता येईना. ते काही म्हणालेच नव्हते.

मग मी उठून विचारले, "२०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. आपल्या संस्थेत आहे का?" लगेच आभारप्रदर्शन सुरू झाले!

मोठ्या व्यासपीठावर तरी वेगळे काय घडते? महिला आरक्षणाचे विधेयक प्रथम १९९६मध्ये मांडले गेले. सप्टेंबर २०२३मध्ये ते लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले. नाव दिले 'नारी शक्ती वंदन'. भाषणांचा पाऊस पडला. पण त्यात अट घातली होती: आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, त्यानंतर आरक्षण. २०२४ची लोकसभा निवडणूक आरक्षणाविनाच झाली. आम्ही वंदन कुठे मागितले होते? जागा मागितल्या होत्या.

मात्र बोट फक्त त्यांच्याकडे दाखवून चालणार नाही. आपल्या शिबिरांतही खणखणीत घोषणा देणारी पुढे बसते, आणि पोटगीच्या दाव्याच्या तारखा वहीत लिहून ठेवणारी सतरंज्या उचलते. अहवालात नाव कुणाचे येते?

वक्तृत्वाला माझा विरोध नाही. पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसवलेल्या बाईने ते कमवायलाच हवे. ताराबाई शिंद्यांची १८८२ सालची 'स्त्रीपुरुषतुलना' आजही झोंबते, कारण तिच्या धारदार भाषेत रोकडा सवाल आहे: पुरुष पुन्हा लग्न करू शकतो, मग विधवा का नाही?

तेव्हा पुढच्या आठ मार्चला पाहुण्यांच्या निमंत्रणपत्रातच तीन प्रश्न लिहू या. काय करणार? पैसा किती? कधीपर्यंत? उत्तरे फळ्यावर लिहायची, वर्षाने तोच फळा पुन्हा वाचायचा. आणि हे प्रश्न आपल्या भाषणांनाही लावायचे, माझ्यासकट.

ती अंगणवाडीताई रजा टाकून आली होती. तिला उत्तर देणे लागतो आपण.